अंगावर तीळसुद्धा नाही

आमच्या गल्लीत कुणाच्या पोरीच्या तोंडावर काही उठलं की तिची आई तिला माझ्याकडे आणते. मी वैद्य नाही, आणि तसं कुणी म्हटलेलं मला आवडत नाही. पण माझी एक पद्धत आहे. हात धुवायचे. पोरीला दारातल्या उजेडात बसवायचं. ताप आला होता का, पहिलं कुठे उठलं, किती दिवस झाले, एवढं विचारायचं. मग आधी बोटाने चाचपायचं आणि डोळ्यांनी नंतर बघायचं. डोळा घाबरतो, बोट घाबरत नाही.

घामोळं बोटाखाली रव्यासारखं लागतं आणि सावलीत दोन दिवस बसलं की जातं. केसतूड एकटंच येतं, केसाच्या मुळाशी, आणि ठणकतं. वयात येताना ज्या पुटकुळ्या उठतात त्यांचं तसं नाही. त्यांचं एकत्र कुटुंब असतं. एक नुकतीच उठलेली, एक पिकलेली, एक वाळून गेलेली, अशा शेजारी शेजारी नांदतात. त्यांतही जाती आहेत. काळ्या तोंडाची खीळ दुखत नाही, नुसती दिसते. पांढऱ्या तोंडाची पुटकुळी दाबावीशी वाटते, आणि दाबली की डाग ठेवून जाते. लाल असते ती दुखते. आणि एक गाठ असते खोल, तिला तोंडच नसतं. ती महिना महिना राहते आणि गेली तरी खड्डा करून जाते. कांजिण्याही अशाच मागे-पुढे उठतात, पण त्या पोटापाठीवर जास्त, आणि ताप घेऊन. देवी मात्र सगळ्या एका वयाच्या. एकाच दिवशी पेरलेल्या ओळीतल्या रोपांसारख्या एकदम वर येतात, तोंडावर, हातापायांवर, तळव्यांवरसुद्धा. बोटाखाली मुगाचा दाणा कातडीत रुतवल्यासारखा लागतो.

लेकाच्या पाटीवर अक्षरं शिकल्यापासून मी असल्या सगळ्या गोष्टी लिहून ठेवते. वडीचं प्रमाण, कोणत्या महिन्यात काय वाळत घालायचं, कुणाच्या पोरीला काय लावलं आणि त्याने काय झालं. पण वर लिहिलेलं मी पाटीवर शिकले नाही. ते मी सासरच्या अंधाऱ्या खोलीत शिकले, माझ्याच तोंडावर.

माझं माहेर अमरावतीजवळच्या भातकुलीचं. सासर बाळापूरच्या अलीकडे, अकोल्याच्या रस्त्यावर. दोन्हीकडे शेती, काळी जमीन. मला बघायला सासूबाई स्वतः आल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. आत्याबाई उंच आणि बोलायला रोखठोक. त्यांनी मला चालवून बघितलं, दात बघितले, केस सोडायला लावले. मग आईकडे वळून म्हणाल्या, "डाग-बिग काही?"

आई म्हणाली, "अंगावर तीळसुद्धा नाही."

हे सगळ्याच आया म्हणतात. माझ्या मानेवर तेव्हाही तीळ होता आणि तो आत्याबाईंना समोर दिसतही होता. त्याचं कुणाला काही नव्हतं. पण माझ्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, देवीचे पाच-सहा वण होते. लहानपणी मला आणि माझ्या धाकट्या भावाला एकदमच देवी आल्या. माझ्या तोंडावर एकही खूण न ठेवता त्या गेल्या, आणि त्याला घेऊन गेल्या. आमच्या घरी त्यानंतर त्या दिवसांचं नाव निघालं नाही. आईने ते सोयरिकीतही निघू दिलं नाही. देवीचे वण असलेली पोरगी काही कुणी टाकत नसे, गावोगावी तशा होत्या. पण विचारलं असता झाकलं, हे वेगळं. पाठवणीच्या दिवशी आईने माझ्या चोळीची गाठ बांधली आणि कानाशी म्हणाली, "पाठ कोणाले दाखवू नको."

मी दाखवली नाही. न्हाताना लुगडं ओलं होऊन अंगाला चिकटेपर्यंत मी ते सोडायचे नाही. आत्याबाई म्हणायच्या, "लाजायले न्हाणीत कोण येते वं? भिंत?"

ते कापसाचे दिवस होते. तिकडे कुठे सातासमुद्रापार गोऱ्यांची आपसात लढाई लागली होती, आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. लोकांनी ज्वारी मागे सारून कापूस लावला. रस्त्यावरून रात्रंदिवस गाड्या जायच्या, अमरावतीकडून खामगावकडे भरलेल्या, तिकडून इकडे रिकाम्या. आमच्याही घरात वस्तू आल्या. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अकोल्याहून एक आरसा आणला. हातभर लांब, लाकडी चौकटीचा. तोवर आमच्या घरातल्या बायका पाण्यात नाहीतर घासलेल्या तांब्यात बघून कुंकू लावत. तांब्यात सगळ्यांचं तोंड सारखंच दिसतं, पसरट आणि पिवळं.

आरशात माझं तोंड पहिल्यांदा नीट दिसलं आणि मला रडू आलं. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर पुटकुळ्या. त्या आधीपासून होत्याच, बोटांना लागायच्या. पण आता त्या दिसायच्या, आणि दिसतात म्हटल्यावर मी त्यांच्या मागे लागले. मसुरीचं पीठ लावलं. जायफळ उगाळून लावलं. कुणाचं लक्ष नसलं की दाबल्या. दाबलेल्या चिघळल्या. आत्याबाई जाता येता म्हणायच्या, "आरसा झिजवून ठेवशील. कापूस वेचायले तोंड लागत नाही, हात लागतात."

सासरी येऊन मला वर्ष होऊन गेलं होतं. पहिल्या दिवाळीला माहेरी जायचं ते वेचणीमुळे राहिलं. मग संक्रांतीला राहिलं. कापसाच्या दिवसांत दोन गोष्टी मिळत नसत, मोकळे हात आणि मोकळी गाडी. दुसऱ्या वेचणीच्या तोंडाला मात्र निरोप आला. माझा दादा अमरावतीच्या गाड्यांच्या तांड्याबरोबर खामगावला कापूस घेऊन गेला होता. परत येताना गाडी रिकामी. तो मला घेऊन जाणार. मामंजींनी मान डोलावली, आत्याबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे हो. मी माझं गाठोडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. धाकटी बहीण मी निघाले तेव्हा रांगत होती. ती मला ओळखेल का, एवढा एकच विचार मी त्या दिवसांत करत होते.

दादा यायच्या आदल्या आठवड्यात मी दिवसभर उन्हात वेचत होते. संध्याकाळी अंगात कणकण आली. दुपारीच पाटाच्या पाण्याने तोंड खसखसून धुतलं होतं, पदराने पुसलं होतं, त्यामुळे तोंड लालबुंद झालेलं. पलीकडच्या गावात देवी आल्या आहेत असं त्याच दिवशी शेतात बायका बोलत होत्या. आत्याबाईंनी हाताने कपाळ बघितलं, दिवा आणला, तोंडाशी धरला आणि दोन पावलं मागे सरल्या. दिवा खाली ठेवला. हात जोडले.

"माय वो," त्या म्हणाल्या. "आली वं माय."

मला वाटलं दारात कुणी आलं. मी वळून बघितलं.

सकाळी मी उठले तेव्हा ताप नव्हता. भूक होती. पण दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले होते, माझं अंथरूण मागच्या खोलीत गेलं होतं, खिडकीला घोंगडी टांगली होती आणि आरशावर फडकं टाकलं होतं. घरात फोडणी बंद, तळण बंद. सरकी काढायचा रेचा करकरतो म्हणून तोही बंद. मामंजी, धाकटा दीर आणि हे गोठ्यात निजायला गेले. सगळ्यांत वाईट म्हणजे आत्याबाई माझ्या पाया पडल्या.

"आत्याबाई, मले बरं वाटते," मी म्हणाले.

"वाटंन ना माय. तुही कृपा."

"नाही, मी म्हणतो, ह्या पुटकुळ्याच आहेत. आधीच्याच."

त्यांनी घाईघाईने स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. "पोट्टी बोलली, माय, तिले समजत नाही. राग मानू नको."

मी पोट्टी आणि माय एकाच तोंडाने होते. आणि जे पोट्टी बोलली त्याची माफी त्या मायकडे मागत होत्या. आता मी काही म्हटलं तरी ते माझ्यापर्यंत पोचणारच नव्हतं. देवीचं नाव एकदा घरात घेतलं की ती आली. आली नाही असं म्हणणं म्हणजे दारातल्या पाहुणीला हाकलणं, आणि ही पाहुणी हाकलली तर काय करते ते सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

त्या अंधारात मला काम नव्हतं. मी कामाशिवाय बसू शकत नाही, तेव्हाही बसू शकत नव्हते. म्हणून मी तोंड चाचपलं. रोज, एकाच क्रमाने. कपाळ डावीकडून उजवीकडे, मग नाक, मग गाल, मग हनुवटी. डाव्या भुवईवरची पिकलेली होती ती फुटून बसली. हनुवटीवर एक नवी उठली. उजव्या गालातली खोल गाठ होती तिथेच. कपाळावर घोंगडीच्या उकाड्याने घामोळं आलं, रव्यासारखं. तळवे बघितले, तळपाय बघितले, स्वच्छ. मला माझ्या लहानपणच्या देवी आठवत होत्या. भावाच्या हाताचा तळवा मी तेव्हा धरला होता आणि तो तुरीच्या शेंगेसारखा दाण्यादाण्यांनी भरलेला होता. ह्या त्या नव्हेत, हे मला कुणाही वैद्यापेक्षा पक्कं माहीत होतं.

आणि ते सिद्ध करायला मला फक्त पाठ फिरवून चोळी सोडायची होती. देवी एकदा येऊन गेल्या की त्याच माणसाला पुन्हा येत नाहीत, हे शेंबडं पोरही जाणत होतं. पाठ दाखवली असती तर त्या क्षणी मी मोकळी झाले असते. आणि माझी आई खोटी ठरली असती. मग माहेरी मी गेले असते ते कायमची.

आत्याबाई थंड भात-दही घेऊन यायच्या, उंबऱ्यातच ठेवायच्या. कधी सवयीने तोंडातून निघायचं, "उष्टं सांडू नको, कितीदा सांग..." आणि मग जीभ चावून, "माय, तुह्या मर्जीनं सांड." शेजारची काकू कुंपणापलीकडून ओरडून विचारायची, "कशी हाय माय?"

"थंड हाय. जेवते."

"जेवते?"

"चांगली जेवते. दोन डाव भात."

"देवी आलेलं माणूस इतकं जेवते?"

"आमच्या घरची देवी हाय, जेवणारच," आत्याबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या वेळी त्यांनी भात कमी आणला.

त्यांचंही काही बरं चाललं नव्हतं. निंबाचा डहाळा बघून वेचणाऱ्या बायका आमच्या वावराकडे फिरकत नव्हत्या. बोंडं फुटून कापूस लोंबत होता, आणि कापसाला असा भाव आयुष्यात पुन्हा येणार नाही हे सगळे बोलत होते. त्या ओट्यावर बसून शेताकडे बघायच्या. मी घोंगडीच्या फटीतून त्यांच्याकडे बघायचे.

दादा आला तो दुपारी. बैलांच्या घुंगरांवरून मी ओळखलं. पुढे यायच्या आधीच आत्याबाईंचा आवाज आला, "पाहुणे, तिथंच थांबा. घरात माय आली हाय."

"कोणाची माय?"

"देवी, बाप्पा, देवी! तुमच्या बहिणीले."

मी फटीला डोळा लावला. दादा अंगणाच्या कडेला उभा होता, हातात बैल हाकायची परानी, मुंडाशावर रस्त्याची धूळ. त्याचं तोंड उघडलं.

"तिले? पण तिले तं..." आणि तो थांबला.

"तिले तं काय?"

दादाने परानी या हातातून त्या हातात घेतली. "तिले तं कधी सर्दीबी होत नाही, म्हणून म्हटलं."

त्याच्याही तोंडात तोच घास अडकला होता. अंगणाच्या कडेवरूनच त्याने मला मोठ्याने विचारलं, "बाई, कशी हाय वं?"

"बरी हाय, दादा."

"तांडा परवा पहाटे निघते. मी गाडीचा धनी नाही, बैल दुसऱ्याचे हायेत. थांबता येत नाही."

"हो."

"माय वाट पाहून राहिली," तो म्हणाला. मग त्याला उमगलं की या अंगणात तो शब्द आता दुसऱ्या कुणाचा आहे, आणि तो खाली बघत म्हणाला, "आपली. घरची."

तो गावाबाहेर तांड्याजवळ जाऊन उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात सरकारचा माणूस आला. हातात पेटी, डोक्याला पागोटं, बोलणं पुण्याकडचं. तो गावोगाव लहान मुलांच्या दंडाला टोचत फिरत असे, पुढे मोठी देवी येऊ नये म्हणून. त्या टोचण्याला सगळे देवी काढणं म्हणतात, आजही म्हणतात. तेव्हा आमच्या गावाला ते नवं होतं. चावडीवर दवंडी झाली की देवी काढणारा आला आहे, ज्यांना देवी काढायच्या असतील त्यांनी या. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि पदर खोचून स्वतः त्याला घेऊन आल्या. मी त्यांना इतकं घाईने चालताना कधी बघितलं नव्हतं.

"या साहेब. इथं. आतल्या खोलीत हाय. किती वेळ लागते काढायले?"

"कशाला?"

"देवी काढायले. काल तिचा भाऊ आला, त्याची गाडी उद्या निघते. तुमी आज काढल्या तं पोट्टी त्याच्यासंग जाईन आन् बाया वेचायले येतीन."

तो माणूस डहाळा बघून अंगणातच थबकला. "बाई, घरात देवी आलेल्या आहेत?"

"हायेत म्हणून तं तुमाले आनलं! नसत्या तं काय काढल्या असत्या?"

"अहो, आलेल्या काढता येत नाहीत. ज्यांना आलेल्या नाहीत त्यांच्या काढतात."

आत्याबाईंनी त्याच्या पेटीकडे बघितलं. "नाहीत त्याच्यातून काढता?"

"होय. तुमचा दंड द्या. तुमच्या काढतो."

"माह्यात कुठं हायेत! तिच्यात हायेत, तिच्या काढा! काहून उलटं करून राहिले? विहिरीत पाणी हाय तं पोहरा कोरड्या खड्ड्यात सोडता काय?"

कुंपणावर शेजारची काकू हसली. तो माणूस चिडला असावा, पण घाबरलाही होता. त्याने उपरण्याने नाक झाकलं आणि मला दारात आणायला सांगितलं. मी दारात आले. कितीक दिवसांनी उजेड डोळ्यांवर आला, मला काही दिसेना. त्याने अंगणातूनच, वीसेक हातांवरून, मान वाकडी करून बघितलं.

"असतील," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "नसतीलही." आणि मग त्याने तो प्रश्न विचारला, "हिला लहानपणी आल्या होत्या का? कारण येऊन गेल्या असतील तर ह्या देवी नव्हेत. मग काहीही असो, देवी नव्हेत. अंगावर जुने वण आहेत का?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. चोळीखाली, फऱ्याजवळ, ते वण मला एकेक करून जाणवत होते, जसे कधीच जाणवले नव्हते.

"हिले?" आत्याबाई ताठ झाल्या. "आमी पाहून आनली हाय, साहेब. चोख पोरगी. अंगावर तीळसुद्धा नाही."

"मग देवी असतील असंच धरून चला. खपल्या पडेपर्यंत हिला बाहेर काढू नका. भावाच्या गाडीत तर मुळीच नको." आणि तो पाटलाला सांगायला गेला.

त्या दुपारी मी पहिल्यांदा तोंड चाचपलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाहेर दादा पुन्हा आला होता. त्याने ऐकलं आणि गाडी वळवली. घुंगरांचा आवाज वेशीकडे कमी होत गेला.

संध्याकाळी आत्याबाई निंबाचं पाणी घेऊन न्हाणीत आल्या. "माय, चाल. थंड करतो तुले," त्या म्हणाल्या. मी लुगडं धरून बसले. त्यांनी दोन तांबे ओतले आणि मग माझं कपाळ हाताने बघितलं. मग हात वळवून गाल बघितला. मग माझे तळवे धरले, उलटे-सुलटे करून उजेडाकडे नेले. त्यांचं बोट माझ्या गालावरच्या गाठीवर आलं आणि थांबलं. ती गाठ त्यांनी देवी यायच्या आधीही बघितली होती. तिच्यावरून मला बोलल्याही होत्या.

"ताप तं पहिल्याच राती उतरला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "जेवते. तयहातावर काही नाही." मग अगदी नेहमीच्या आवाजात, मायला नव्हे, मला म्हणाल्या, "पाठ फिरव."

"आत्याबाई..."

"फिरव म्हणतो ना."

मी फिरवली. त्यांनी ओली चोळी खांद्यावरून खाली ओढली. न्हाणीत दिवा नव्हता, दारातून संध्याकाळचा उजेड तेवढा येत होता. त्यांचं बोट पहिल्या वणावर टेकलं. मग दुसऱ्यावर. एकेकावर थांबून, उंबराची फळं मोजावीत तसं. तांब्यातून पाणी ठिबकत होतं.

"कितीची व्हती?"

"सहा-सात."

"तुह्या मायले माहीत व्हतं."

मी ओली चोळी खांद्यावर ओढून घेतली.

"आन् त्या दादालेबी. म्हणून काल त्याची जीभ अडकली." त्यांनी उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर एकदम ओतलं. ते थंड होतं. "मी साऱ्या गावासमोर म्हटलं, तीळ नाही. सरकारच्या माणसासमोर म्हटलं. माह्यं तोंड कुठं ठेवू आता?"

मला वाटलं, आता त्या बाहेर जाऊन ओरडतील, आणि उद्या पहाटे मी गाठोड्यासकट दादाच्या गाडीत असेन, आणि पुन्हा या घरी नसेन. मी लुगडं पिळत बसले. त्या बाहेर गेल्या. अंगणात उभ्या राहून त्यांनी खरोखरच हाक दिली, कुंपणापलीकडे जाईल अशी.

"अवं ऐकलं का! माय उतरली! मले बोलली. म्हणते, मले भातकुलीले पोचव. लेकीच्या माहेरी जातो म्हणते, तिथं शांत होतो म्हणते!"

"भातकुली? इतक्या दूर?" शेजारच्या काकूचा आवाज.

"आता तिची मर्जी. नेहमीसारखं शिवेवर सोडलं तं परत येईन, मले नाही सांगायचं."

पाटील आले. देवी काढणाऱ्याने सांगितलेलं त्यांनी म्हणून बघितलं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "जाऊ नको म्हणून तुमीच सांगा तिले, पाटील. आत बसली हाय. जा, सांगा." पाटलांनी आत जायचं काही मनावर घेतलं नाही.

पहाटे दादाची गाडी दारात आली. बैलांच्या कपाळाला हळद, जुवाला निंबाचा डहाळा. गाव दोन्ही बाजूंनी हात जोडून उभं होतं, आणि मी गाडीत डोक्यावर पदर घेऊन बसले होते. देवी म्हणून मला रडताही येत नव्हतं, हसताही येत नव्हतं. आत्याबाईंनी माझ्या मांडीवर ओटी ठेवली, खण, नारळ, तांदूळ, दह्याचं गाडगं. आणि पदर सारखा करायच्या मिषाने वाकून म्हणाल्या, "ही तुह्या मायले दे. तिच्याच हातात दे. म्हण, देवी तुमच्याच घरची व्हती, तुमच्याच घरी धाडली."

मला परत कधी न्यायला येतील ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायचं धाडसही केलं नाही.

भातकुलीला पोचलो तेव्हा बहिणीने मला ओळखलं नाही. आईने ओळखलं, कवटाळलं, गालांवर हात फिरवला आणि म्हणाली, "अवं ह्या तं पुटकुळ्या!" मग मी ओटी तिच्या हातात दिली आणि निरोप शब्दाला शब्द सांगितला. आईचा हात खणावर थबकला. तिने माझ्याकडे बघितलं, मी माझ्या खांद्याकडे हात नेला. तिने ओटी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि माझ्याकडे न वळताच विचारलं,

"किती दिवस ठेवून घे म्हटलं?"

"नाही सांगितलं."

ज्या घरासाठी मी अंधारात तळमळत होते, त्या घरात मी आता बाहेरच्या रस्त्याकडे कान लावून बसले. आईने मला वावरात जाऊ दिलं नाही, कुणाकडे बसायला जाऊ दिलं नाही. लोक विचारतील, किती दिवस राहणार? रोज घुंगरं वाजत जायची, भरलेल्या गाड्या खामगावकडे, रिकाम्या इकडे, आणि आमच्या दाराशी एकही थांबायची नाही. आईला रात्री झोप लागत नव्हती हे मला शेजारी निजून कळायचं. आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. इतकंच, की ती मला माझ्याच तोंडाला हात लावू द्यायची नाही. "दाबू नको. जाईन आपोआप," म्हणायची. खरंच जात होत्या. डागांचा तांबूस रंग काळसर झाला, मग फिका. खोल गाठ विरघळून तिथे खड्डा राहिला, तो अजून आहे.

मग एक दिवस एक गाडी थांबली. अकोल्याकडचा गाडीवान होता, ओळखीचा नाही. खाली न उतरताच त्याने हाक मारली, "बाळापूरकडून निरोप हाय वो! तुमच्या व्याहीणबाईनं सांगतलं, वेचणी अर्धी राहिली. देवी तुमच्याजवळच ठेवा आन् सून धाडून द्या."

आई ओट्यावर मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. रडत होती का हसत होती, ते मला नीट कळलं नाही.

मी परत गेले. आरशावरचं फडकं काढलेलं होतं. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "उभी काहून राहिली? वेचणीचं फडकं घे आन् वावरात चाल." त्या गोष्टीवरून त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही. पण माहेरचं नाव काढलं की मी त्यांच्या तोंडाकडे बघून मगच पुढचं वाक्य बोलायचे. ती सवय त्या गेल्या तेव्हाच सुटली.

पुढे धाकट्या दिराच्या सोयरिकीला आम्ही दोघी नांदगाव खंडेश्वरला गेलो. पोरगी समोर बसली होती, कपाळावर चार-दोन पुटकुळ्या, वयाप्रमाणे. तिची आई आत्याबाईंनी विचारायच्या आधीच घाईने म्हणाली, "लेक चोख हाय आमची. अंगावर तीळसुद्धा नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. पान तोंडात टाकलं, चुना बोटाला पुसला आणि म्हणाल्या, "असला तं सांगून ठेवा बाई. आमच्या घरी तीळ चालते."